वाशिमच्या मेडिकलला प्राध्यापक हवेत (लेखांक 4)

मागच्या आठवड्यात खाटांचा हिशेब झाला. एमबीबीएसच्या शंभर जागांना 420 खाटा लागतात. पैसा आणि जागा असली की त्या उभ्या राहतात. अध्यापक मात्र असे मागवून मिळत नाहीत. इंटर्नशिपसह एमबीबीएसची साडेपाच वर्षे, एमडीची तीन, सीनियर रेसिडेंट म्हणून एक, सहायक प्राध्यापक म्हणून चार आणि सहयोगी प्राध्यापक म्हणून तीन वर्षे. कुठेही न अडखळता चालले तरी प्राध्यापक व्हायला साडेसोळा वर्षे जातात.

9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यातल्या दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे एकाच दिवशी उद्घाटन झाले. वाशिमबरोबर बुलढाणा, हिंगोली, अमरावती, जालना, भंडारा, गडचिरोली अशी विदर्भ-मराठवाड्यातली नावेही त्या यादीत होती. म्हणजे पहिल्या वर्षाचे शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र शिकवणारी माणसे सगळ्यांना एकदमच हवी झाली. या विषयांत एमडी करणारे मुळात थोडे, कारण तिथे दवाखान्याची पाटी लागत नाही. जुन्या महाविद्यालयांतून तात्पुरत्या आदेशाने अध्यापक पाठवायचे, ही राज्यातली जुनी रीत. आता तिलाही आळा बसला आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आधार-आधारित हजेरी मागतो, कामाच्या दिवसांपैकी 75 टक्के. 1 मे 2025 पासून ती चेहरा ओळखून आणि ठिकाण तपासून घेतली जाते. तपासणीपुरते येऊन जाणे त्यामुळे अवघड झाले, हे चांगलेच झाले.

आता बढतीकडे येऊ. वाशिममध्ये 2024 साली सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झालेला डॉक्टर कागदोपत्री 2031 मध्ये तिथेच प्राध्यापक होऊ शकतो. मात्र वैद्यकीय आयोग ठरवतो ती फक्त पात्रता. पद मंजूर करते राज्य शासन. ते भरले जाते लोकसेवा आयोगाच्या जाहिरातीतून, नाहीतर बढतीने, आणि बढतीसाठी विभागीय पदोन्नती समितीची बैठक व्हावी लागते, गोपनीय अहवाल वेळेवर लिहिलेले असावे लागतात, ज्येष्ठता यादी अंतिम झालेली असावी लागते. पात्र होऊन बसलेला माणूस या रांगेत वर्षानुवर्षे सहायकच राहू शकतो. केंद्र सरकारने आपल्या डॉक्टरांसाठी 2008 मध्ये ठरावीक सेवेनंतर, रिक्त पदाची वाट न पाहता वरची श्रेणी देणारी योजना आणली. राज्यातल्या अध्यापक संघटना अशाच कालबद्ध बढतीची मागणी करत आल्या आहेत. ती मागणी मला रास्त वाटते.

ज्यांची नेमणूकच तात्पुरती, त्यांची गोष्ट आणखी वेगळी. 120 दिवसांचा आदेश, मग तांत्रिक खंड, पुन्हा 120 दिवस. राज्यातल्या कितीतरी सहायक प्राध्यापकांची उमेदीची वर्षे अशी गेली. सेवेत समावेशन करा म्हणून त्यांनी आंदोलने केली. शिकवल्याचा अनुभव वैद्यकीय आयोगाच्या हिशेबात धरला जातो, पण शासनाच्या ज्येष्ठतेची गणती नियमित नेमणुकीपासूनच होते. असा डॉक्टर वाशिममध्ये घर बांधायला कशाला जाईल? मुलांची शाळा, जोडीदाराची नोकरी हे सगळे अकोला किंवा नागपुरात ठेवून तो सोमवारी येतो. त्यात नियमित झालेल्यालाही 2005 च्या बदली कायद्यानुसार एका जागी साधारण तीनच वर्षे. म्हणजे 4 आणि 3 वर्षांच्या शिडीला 3 वर्षांच्या बदलीचा कायदा जोडला आहे. कोणत्याही एका विभागाचे शिष्य आणि संशोधन एका हाताखाली वाढावे, अशी ही रचनाच नाही.

संशोधनावरच तर बढती अडते. सहयोगी होण्यासाठी दोन शोधनिबंध, प्राध्यापकपदासाठी एकूण चार, शिवाय अध्यापनशास्त्राचा आणि जैववैद्यकीय संशोधनाचा असे दोन मूलभूत अभ्यासक्रम. वाशिमसारख्या ठिकाणी विषयांची ददात नाही. सोयाबीन-कपाशीच्या या पट्ट्यात सर्पदंश आहे, सिकलसेल आहे, फवारणीची विषबाधा आहे. 2017 साली शेजारच्या यवतमाळात विषबाधा झालेल्या शेतमजुरांनी तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरले, ते कोणी विसरलेले नाही. कमतरता आहे ती नैतिकता समितीची, संख्याशास्त्रज्ञाची, नोंदी नीट ठेवणाऱ्या माणसाची. ही सोय नसेल तर निबंध 'पाडले' जातात, आणि पैसे घेऊन छापणारी नियतकालिके काही कमी नाहीत.

वाशिमच्या दृष्टीने सर्वांत मोठा बदल वैद्यकीय आयोगाच्या 2025 च्या नियमांत आहे. किमान 220 खाटांच्या बिगर-अध्यापन सरकारी रुग्णालयात दहा वर्षे काम केलेला पदव्युत्तर तज्ज्ञ आता थेट सहयोगी प्राध्यापक होण्यास पात्र ठरतो. दोन वर्षे केलेला सहायक प्राध्यापक होऊ शकतो, सीनियर रेसिडेंटशिपच्या अटीशिवाय. संशोधनाचा अभ्यासक्रम त्याने दोन वर्षांत पुरा करायचा. चार वर्षे शिकवून, निबंध लिहून सहयोगी होणाऱ्यांना हे खटकते, आणि त्यांचे अगदीच चुकते असे नाही. पण रात्री दोन वाजता अडलेली बाळंतीण सोडवणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे शिकवण्यासारखे काहीच नाही, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मला शंका वेगळीच आहे. जिल्हा रुग्णालयाचे डॉक्टर सार्वजनिक आरोग्य विभागाचे, महाविद्यालयाचे वैद्यकीय शिक्षण विभागाचे. दोन विभाग, दोन ज्येष्ठता याद्या. नियमाने पात्र ठरलेल्या तज्ज्ञाला एका यादीतून दुसऱ्या यादीत घेताना त्याची जुनी सेवा, वेतन आणि ज्येष्ठता यांचे काय करायचे, हे शासन निर्णयात लिहिले गेले तरच या सवलतीचा वाशिमला उपयोग.

दूरच्या गावात अध्यापक टिकतच नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी सेवाग्राम पाहावे. डॉ. सुशीला नायर यांनी 1969 मध्ये सुरू केलेल्या तिथल्या महाविद्यालयात अध्यापकांना खासगी प्रॅक्टिस नाही, राहणे आवारातच. तरी डॉ. उल्हास जाजूंसारख्यांनी हयात तिथे घालवली आणि ज्वारीच्या वर्गणीवर चालणारा गावांचा आरोग्य विमा उभा केला. सगळे जाजू नसतात, कबूल. पण तिथे बदलीचा आदेश येत नाही, हेही या गोष्टीत मोजायला हवे.

पुढच्या लेखांकात : सीनियर रेसिडेंट, बंधपत्राचे वर्ष आणि वसतिगृहांची दशा.