चंद्रपूरच्या उन्हात, गडचिरोलीच्या पावसात : गाडीचे टायर बदलताना

चंद्रपुरात मे महिन्यात पारा 46-47 अंशांवर जाणे नवे नाही. हवा 45 अंशांवर असली की उन्हात तापलेले डांबर 60 अंशांच्याही पुढे जाते. जून उलटला की त्याच रस्त्यांवर पाऊस कोसळतो; गडचिरोली जिल्ह्यात तो वर्षाला 1,200 मिमीहून जास्त पडतो. शिवाय कोळशाच्या आणि सूरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांनी उखडलेले रस्ते, तुटलेल्या कडा आणि रात्री जंगलातून अचानक समोर येणारी जनावरे आहेतच. त्यामुळे टायर निवडण्याचे मोठ्या शहरातले हिशेब इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

गाडी ताकदवान इंजिनाची असेल, म्हणजे टर्बो सेडान किंवा एखादी स्पोर्ट्स कार, तर निवड अधिकच जपून करावी लागते. अशा गाडीचे टायर रुंद, बुटके आणि महाग असतात. ते चुकीचे निघाले तर पैसे जातातच, शिवाय गाडीचे ब्रेक आणि स्टिअरिंगही आधीसारखे राहत नाहीत. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी काय पाहायचे, ते क्रमाने बघू.

आधी जुना टायर पाहा

नवा टायर घेण्याआधी जुना का झिजला, हे समजून घ्या. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग शाबूत राहिला असेल, तर हवा सतत कमी राहिली आहे. मधलाच पट्टा गेला असेल, तर हवा जास्त होती. एकच कड खाल्ली गेली असेल, तर अलाइनमेंट बिघडले आहे. ठिकठिकाणी चट्टे पडल्यासारखी झीज दिसली, तर शॉकअप किंवा बॅलन्सिंग तपासायला हवे. हे दोष दूर न करता नवे टायर चढवले, तर तेही तसेच जातील.

टायर बदलायची वेळ झाली का, हे टायरच सांगतो. नक्षीच्या खोल खाचांत आडव्या, थोड्या उंच पट्ट्या असतात. त्या 1.6 मिमीची खूण आहेत. नक्षी झिजून या पट्ट्यांना टेकली की मोटारीचा टायर कायद्यानेही निकामी ठरतो. पण आपल्याकडच्या पावसात त्या मर्यादेपर्यंत थांबू नये. खाचा 3 मिमीवर आल्या की ओल्या रस्त्यावरची पकड बरीच कमी झालेली असते. उरलेली खोली 3 मिमीच्या आसपास असेल, तर पावसाळा तोंडावर येण्याआधीच टायर बदललेले बरे.

बाजूवरचे आकडे

टायरच्या बाजूवर 205/55 आर 16 91 व्ही असे काहीतरी लिहिलेले असते. 205 म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. 55 म्हणजे बाजूची उंची, रुंदीच्या किती टक्के ते. इथे ती साधारण 113 मिमी येते. आर म्हणजे रेडियल बांधणी आणि 16 म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. 91 हा भाराचा आकडा आहे. असा एक टायर 615 किलो पेलतो. हाच आकडा 100 असेल, तर 800 किलो. शेवटचे अक्षर वेगाचे : टी म्हणजे ताशी 190 किमी, एच 210, व्ही 240, डब्ल्यू 270 आणि वाय 300.

गाडीसोबत आलेला आकार चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत छापलेला असतो. दुकानदार काहीही म्हणो, सुरुवात तिथूनच करा. भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका.

वेगाचे अक्षर उन्हाळ्यासाठीही

इथे बहुतेक ग्राहक चुकतात. ‘मी काही 240 ने चालवत नाही, मग व्ही कशाला? टी घेतो, स्वस्त पडेल,’ असा हिशेब होतो. पण हे अक्षर मिळवताना टायर ठरलेल्या भाराखाली मोठ्या ड्रमवर टप्प्याटप्प्याने वाढत्या वेगाने पळवला जातो. त्या कसोटीत टायर फुटतो किंवा त्याचे थर सुटतात ते मुख्यतः उष्णतेने. टायरचा प्रत्येक भाग जमिनीला टेकताना दबतो आणि सुटतो, त्यातून रबर आतून तापते. वेग वाढला की हे दबणे-सुटणे वाढते आणि उष्णताही वाढते. म्हणजे वेगाचे अक्षर ही एका अर्थाने उष्णता झेलण्याची परीक्षा आहे.

आता तोच टायर मे महिन्यात दुपारी दोन वाजता चंद्रपूरहून वरोऱ्यामार्गे नागपूरला चालला आहे असे धरा. रस्ता आधीच तापलेला, गाडीत पाच माणसे आणि सामान. पुढे नागपूरहून समृद्धी महामार्गाला लागला, तर काँक्रीटच्या रस्त्यावर तासन्‌तास ताशी 120 किमी या कमाल मर्यादेने धावणार. डिसेंबर 2022 मध्ये या मार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला आणि टायर फुटून अपघात होऊ लागले. 2023 मध्ये परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायरांची तपासणी सुरू केली, ती उगाच नाही. म्हणून गाडीच्या कंपनीने व्ही सांगितला असेल, तर व्ही किंवा वरचाच घ्या. तुम्ही 240 ने चालवणार नसलात, तरी वाचलेली क्षमता उन्हाळ्यात कामी येते.

अनेक टायरांच्या बाजूवर ‘टेम्परेचर’ या शब्दापुढे ए, बी किंवा सी अशी अमेरिकी श्रेणी असते. ए सर्वांत चांगली. आपल्याकडे तीच बघावी. त्याच ओळीत ‘ट्रेडवेअर’चा आकडा असतो. 200-300 आकड्याचे रबर मऊ असते, ते रस्त्याला चिकटते आणि लवकर झिजते. 400 च्या पुढचे जास्त टिकते, पण पकड थोडी कमी असते. हा आकडा कंपनी स्वतः ठरवते, त्यामुळे एका कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला तो उपयोगी, दोन कंपन्यांची करायला नाही. वर्षातले बरेचसे किलोमीटर उखडलेल्या, खरबरीत रस्त्यावर होणार असतील, तर शर्यतीच्या मऊ रबरावर पैसे घालण्यात अर्थ नाही.

बुटका टायर आणि खड्डा

दिसायला छान म्हणून अनेक जण मोठी रिम आणि बुटका टायर बसवतात. गणित सोपे आहे. 205/55 आर 16 या टायरचा पूर्ण व्यास साधारण 632 मिमी. त्याजागी 225/45 आर 17 घेतला तर तो 634 मिमी येतो. फरक नगण्य, स्पीडोमीटर बिघडत नाही. पण बाजूची उंची 113 मिमीवरून 101 मिमीवर येते. खऱ्या स्पोर्ट्स कारच्या 255/35 आर 19 टायरला तर ती जेमतेम 89 मिमी असते. याउलट बोलेरोच्या 215/75 आर 15 टायरला 161 मिमी मिळतात.

खड्ड्याच्या धारेवर चाक आदळते, तेव्हा टायरची बाजू रिम आणि खड्डा यांच्यामध्ये चिमटली जाते. बाजू उंच असेल तर ती दबून धक्का जिरवते. बुटकी असेल तर आतले धागे तुटतात आणि दोन-चार दिवसांत बाजूला लिंबाएवढा फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, तो टाकावाच लागतो. आलापल्ली-आष्टी रस्त्यावर खनिजाच्या ट्रकांमागून जाताना खड्डा दिसायला उशीर होतो, हे तिकडे जाणाऱ्यांना माहीत आहे. तेव्हा कंपनीने त्याच मॉडेलला 16 आणि 17 इंच असे दोन्ही पर्याय दिले असतील, तर या दोन जिल्ह्यांसाठी 16 इंची निवडा. त्याहून मोठी रिम म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

उंची वाढवण्याच्या मोहातही सांभाळा. 205/60 आर 16 घेतला तर व्यास 652 मिमी होतो, म्हणजे मूळपेक्षा 3 टक्क्यांहून जास्त. स्पीडोमीटर 100 दाखवील तेव्हा गाडी 103 ने धावत असेल, आणि टायर मडगार्डला घासण्याचीही शक्यता. फरक 2 टक्क्यांच्या आत ठेवणे चांगले.

पाऊस आणि नक्षी

सपाट डांबरावर पाणी साचले की टायरला ते खाचांतून बाहेर ढकलावे लागते. ढकलता आले नाही, तर टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग हलके पडते. टायर जेवढा रुंद, तेवढे जास्त पाणी त्याच्या वाटेत येते. म्हणून रुंद टायर घेतला, तर लांबीच्या दिशेने तीन-चार खोल, सलग खाचा असलेला घ्या. चंद्रपूर-मूल रस्ता जंगलातून जातो. तिथे चितळ किंवा रानगवा आडवा आला, तर ओल्या रस्त्यावर गाडी किती अंतरात थांबते, यावर सगळे अवलंबून असते.

मोठ्या गुटक्यांची चिखलातली नक्षी फक्त त्यांच्यासाठी, ज्यांना रोज काळ्या मातीत किंवा धानाच्या बांध्यांजवळच्या वाटेवर उतरावे लागते. ओल्या डांबरावर अशा टायरांची पकड कमी असते आणि ते आवाजही फार करतात.

तारीख, जोडी आणि चढवणे

बाजूवर ‘डॉट’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 2325 म्हणजे 2025 सालचा 23 वा आठवडा. रबर न वापरताही कडक होते, आणि उन्हाने तापणाऱ्या दुकानात तर लवकरच. वर्षाच्या आतला टायर मागा. चारही टायरांचे हे आकडे आणि आयएसआयची खूण स्वतः बघा आणि आकडे बिलावर लिहून घ्या. नक्षी शिल्लक असली, तरी पाच-सहा वर्षांनंतर टायर तज्ज्ञाकडून तपासून घ्यावा.

दोनच टायर बदलायचे असतील, तर नवे मागे टाका, गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी असली तरीही. पावसात मागची पकड सुटली, तर गाडी फिरते आणि सामान्य चालकाला ती आवरत नाही. पुढची सुटली, तर वेग कमी करून सावरता येते. एका अक्षावर दोन वेगळ्या कंपन्यांचे किंवा वेगळ्या नक्षीचे टायर ठेवू नका. टायरवर बाण असेल तर तो पुढे फिरण्याच्या दिशेलाच हवा, आणि ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेरच. नवे व्हॉल्व, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करा. 50-100 किमी चालवून नट पुन्हा आवळून घ्या.

हवा आणि स्टेपनी

हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी आणि चाकांवर ऊन येण्याआधी मोजा. मे महिन्यात सकाळी 30 अंशांत 33 पीएसआय भरलेला टायर डिसेंबरच्या पहाटे 10 अंशांत 30 च्या आसपास उतरतो, एकही पंक्चर नसताना. म्हणून दिवाळीनंतर एकदा आणि होळीनंतर एकदा हवा नव्याने जुळवा. उलट भर दुपारच्या प्रवासात दाब चार-सहा पीएसआयने वाढलेला दिसला, तर हवा सोडू नका. तो वाढतोच, आणि सोडलेली हवा टायर थंड झाल्यावर कमी पडते. हवा कमी म्हणजे बाजू जास्त दुमडणार, जास्त तापणार आणि फुटणार. नायट्रोजन हळू निसटतो एवढाच त्याचा फायदा. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो.

2020 साली नियम बदलला. टायरमधील दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढण्याचा संच असलेल्या मोटारीला आता स्टेपनी बंधनकारक नाही. पण बाजू फाटली, तर संचातला द्राव काही करू शकत नाही. आलापल्लीहून भामरागड किंवा सिरोंचाकडे निघताना पंक्चरवाला वाटेत भेटेलच असे नाही, मोबाइलची रेंजही सगळीकडे नाही. गाडीत जागा असेल, तर पूर्ण आकाराची स्टेपनी ठेवा आणि तिचीही हवा तपासत जा.

थोडक्यात, या दोन जिल्ह्यांत ताकदवान गाडीसाठी कंपनीने सांगितलेला मूळ आकार, वेगाचे अक्षर तेच किंवा वरचे, टेम्परेचर ए, सलग खाचांची नक्षी आणि वर्षाच्या आतली तारीख, इतके पक्के करा. ब्रँडची चर्चा त्यानंतर. आणि दर महिन्याला सकाळी पाच मिनिटे हवा मोजायला काढा. महागड्या टायरपेक्षा वेळेवर मोजलेली हवा जास्त अपघात टाळते.