पान तेच, साज वेगळा

सीएसएस नुसतं पुस्तक वाचून आलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही. ज्यांना ते नीट येतं, त्या सगळ्यांनी कधी ना कधी कुणाचं तरी पान उघडून, त्याचा सोर्स बघून, तसंच पान स्वतःच्या हाताने उभं करायचा खटाटोप केलेला असतो. गेल्या पंचवीसेक वर्षांत ब्राउझर बदलले, पडदे खिशात मावू लागले, निम्म्या युक्त्या बाद झाल्या. शिकायची रीत तीच राहिली. बदलत गेले ते हाती घेतलेले प्रकल्प, आणि कोणता प्रकल्प वाट्याला आला यावर एकेका पिढीची समज ठरत गेली.

आमच्या वाट्याला आधी टेबलं आली. तशी सीएसएसची कल्पना जुनी. होकोन विउम ली या नॉर्वेजियन माणसाने सर्नमध्ये असताना १० ऑक्टोबर १९९४ रोजी पहिला मसुदा मांडला, बर्ट बॉस त्याला येऊन मिळाला आणि १७ डिसेंबर १९९६ रोजी पहिली आवृत्ती डब्ल्यूथ्रीसीची शिफारस म्हणून जाहीर झाली. पण त्याच वर्षी डेव्हिड सीगलचं ‘क्रिएटिंग किलर वेब साइट्स’ आलं आणि रोज पानं पाडणाऱ्यांनी सीगललाच गुरू केलं. त्यात त्यांची चूक नव्हती. ब्राउझरना सीएसएस अर्धंमुर्धं कळायचं, टेबल पुरतं कळायचं. मग टेबलात टेबल, त्यात आणखी एक टेबल, आणि जागा अडवायला एका पिक्सेलची पारदर्शक जिफ. आपल्याकडच्या क्लासांत हेच ‘वेब डिझायनिंग’ म्हणून पुढे कितीतरी वर्षं शिकवलं गेलं: फोटोशॉपमध्ये चित्र काढा, स्लाइस टूलने तुकडे पाडा, ‘सेव्ह फॉर वेब’ म्हणा, टेबलासकट पान तयार. सीगलने स्वतः १९९७ मध्येच आपण वेबचं वाटोळं केल्याचं लिहून टाकलं होतं. ते आमच्यापर्यंत पोचायला फार उशीर झाला.

या पद्धतीचा जाच गिऱ्हाइकाने मत बदललं की कळायचा. ‘मेनू डावीकडून वर घ्या’ एवढे चार शब्द, आणि साइटचं प्रत्येक पान पुन्हा कापायला घ्यायचं.

२००३ च्या मे महिन्यात दोन गोष्टी आठवड्याच्या अंतराने सुरू झाल्या: १ तारखेला मराठी विकिपीडिया, ७ तारखेला ‘सीएसएस झेन गार्डन’. दोन्हींचा परस्परांशी काडीचा संबंध नव्हता, पण मला या योगायोगाची गंमत वाटते. कॅनडातल्या व्हँकुव्हरचा डिझायनर डेव्ह शे याने एक एचटीएमएल फाइल लिहिली आणि जगाला एकच अट घातली: या फाइलीला हात लावायचा नाही. रंग, मांडणी, चित्रं, जे काय करायचं ते सीएसएसच्या फाइलीतून. दुव्यावर क्लिक करावं आणि अक्षर न अक्षर तेच असलेलं पान ओळखूही येऊ नये, असा तो प्रकार. तोवर सीएसएसने केलेलं पान म्हणजे चौकोनी आणि रुक्ष, असा समज पक्का होता. डग्लस बोमनने आदल्या वर्षी ‘वायर्ड’ची साइट टेबलांशिवाय मांडून त्याला धक्का दिलाच होता. झेन गार्डनने तो समज पार मोडीत काढला.

शिकणाऱ्याच्या दृष्टीने तिथलं डोळे दिपवणारं डिझाइन दुय्यम होतं. खरी गंमत अटीत होती. अडलं की आणखी एक डिव्ह घुसडायचा, ही नवशिक्याची हक्काची पळवाट. ती इथे बंद. मूळ फाइलीच्या शेवटी सहा रिकामे डिव्ह खुंट्यांसारखे ठोकून ठेवले होते, जादा चित्र टांगायचं तर त्यांवर. प्रत्येक मथळ्यात एक स्पॅन होता, अक्षरं लपवून त्या जागी चित्र लावता यावं म्हणून. एवढ्यावर भागवायचं. मग सिलेक्टर शिकण्यावाचून गत्यंतर उरत नाही. कोणता घटक कोणाच्या पोटात आहे, वारशाने काय खाली उतरतं, दोन नियमांचं भांडण लागलं तर कोणाचं चालतं, हे सगळं व्याख्या पाठ न करता अंगात मुरतं. मी शिकवायला लागल्यावर वर्गात सगळ्यात जास्त वापरला तो हाच नियम. एचटीएमएल सगळ्यांना सारखं, ते लिहून झालं की फाइल बंद.

बागेतही तण होतं, हे आज मान्य करायला हवं. बहुतेक डिझाइनांची रुंदी पिक्सेलात बांधलेली. मथळ्यांची चित्रं केलेली, म्हणजे मजकूर बदलला की फोटोशॉप उघडा. आणि पान फारच सोज्वळ: त्यात फॉर्म नाही, आकड्यांचा तक्ता नाही, तीन ओळी खाणारं लांबलचक आडनाव नाही. रोजच्या कामात ज्या गोष्टी घाम फोडतात, त्या तिथे भेटत नसत. त्या बाबतीत एरिक मायरचं २००२ चं ‘एरिक मायर ऑन सीएसएस’ जास्त उपयोगी ठरलं. ते पुस्तक असूनही वाचायचं पुस्तक नव्हतं. दर प्रकरणात एक पान घ्यायचं आणि पायरीपायरीने ते सजवायचं. आणि आरंभ कशाने, तर जुन्या धाटणीचं पान सीएसएसमध्ये उतरवण्याने.

त्या काळातला सगळ्यात मोठा शिक्षक मात्र इंटरनेट एक्स्प्लोरर ५. डब्याला रुंदी दिली ३०० पिक्सेल, आत चारी बाजूंनी २० चं पॅडिंग, भोवती ५ ची किनार. प्रमाण नियमाने डबा पडद्यावर ३५० पिक्सेल अडवतो, कारण रुंदी म्हणजे फक्त आतल्या मजकुराची. एक्स्प्लोरर सगळा डबा ३०० मध्येच बसवायचा आणि मजकुराला उरायचे २५०. शेजारी दुसरा रकाना असेल तर एका ब्राउझरमध्ये तो जागेवर, दुसऱ्यात धपकन खाली. यावर टांटेक चेलिक याने काढलेला तोडगा विलक्षण होता. बोलक्या ब्राउझरांच्या आवाजासाठी असलेल्या ‘व्हॉइस-फॅमिली’ या गुणधर्मात असं चिन्ह घालायचं, की एक्स्प्लोररला नियम तिथेच संपल्यासारखा वाटावा आणि त्यापुढची खरी रुंदी त्याच्या नजरेतून सुटावी. गंमत म्हणजे हा चेलिक स्वतः मायक्रोसॉफ्टमध्ये मॅकवरच्या एक्स्प्लोररचं काम करत होता.

पुढे काय झालं? आज जवळजवळ प्रत्येक प्रकल्पात वरच्या ओळींतच ‘बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स’ लिहिलेलं असतं. म्हणजे किनार आणि पॅडिंग रुंदीच्या आतच मोजा. ज्या हिशेबापायी एक्स्प्लोररला आम्ही शिव्या घातल्या, तोच अखेर सगळ्यांना सोयीचा वाटला. आताची मुलं ही ओळ डोळे मिटून चिकटवतात. मी ती पुसायला लावतो आणि डेव्हलपर टूल्समध्ये डबा मोजायला सांगतो.

मधला काळ भराभर सांगण्यासारखा. फ्लोटची कसरत. डॅन सीडरहोमची २००४ ची खोटे रकाने दाखवायची युक्ती. २००६ चा फायरबग, ज्याच्यामुळे पानावर बोट ठेवून ‘हा नियम कुठून आला’ हे विचारता येऊ लागलं. शिकण्याचा वेग त्याने किती वाढवला हे आताच्या मुलांना सांगून पटणार नाही. मे २०१० मध्ये ईथन मार्कॉटने रिस्पॉन्सिव्ह डिझाइनवरचा लेख लिहिला आणि पिक्सेलात बांधलेल्या रुंदीचं राज्य संपलं. २०११ मध्ये ट्विटरमधून बूटस्ट्रॅप आलं. त्याबद्दल माझं मत साफ आहे: कचेरीसाठी वरदान, शिकणाऱ्यासाठी नुकसान. क्लासची नावं चिकटवून पान उभं राहतं आणि आपल्याला सीएसएस येतं असा भ्रम होतो. मुलाखतीत एक डबा मधोमध आणायला सांगितला की तो फुटतो.

या सगळ्या वर्षांत एक गोष्ट कुठल्याच परदेशी पुस्तकात आली नाही. ती आपल्याला आपल्याच पानांनी शिकवली. सुरुवातीला तर मराठी पान सजवण्याचा प्रश्नच नव्हता, ते दिसलं तरी पुष्कळ. प्रत्येक वर्तमानपत्राचा फॉन्ट वेगळा, अक्षरांचं कोष्टक वेगळं. फॉन्ट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा कचरा. विंडोज २००० सोबत ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट आला, तो कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या हातचा. पुढे वेबफॉन्ट रुळले, मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने ‘मुक्त’सारखा उत्तम फॉन्ट सर्वांना खुला केला, आणि मराठी पानालाही रूप देता येऊ लागलं. तेव्हा लक्षात आलं, की आपण शिकलेले अर्धे नियम रोमन लिपीचे आहेत.

सगळ्या इंग्रजी धड्यांत असतं तसं एक बटण घ्या: सगळी अक्षरं कॅपिटल, अक्षरांमध्ये दोन पिक्सेल अंतर. हाच नियम ‘ठळक बातम्या’ला लावला तर पहिला भाग काहीच करत नाही, दुसरा शिरोरेषा तोडून टाकतो. लाइन-हाइट १.२ ठेवून दोन ओळींच्या मथळ्यात ‘मूर्तींच्या’ लिहून पाहा. वर रफार, वेलांटी, अनुस्वार. खाली दीर्घ उकार. वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत घुसतात. १.६ च्या आसपास गेल्याशिवाय मराठी मजकूर श्वास घेत नाही. ‘मुलुंड, कुर्ला’ या दुव्यांखालची रेघ उकारांपाशी तुटत तुटत जाते; ती ‘टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट’ने खाली ढकलावी लागते. देवनागरीला तिरप्या अक्षरांची परंपरा नाही, ब्राउझर उभं अक्षर नुसतं कलतं करतो आणि ते पडल्यासारखं दिसतं. जोर द्यायचा तर ठळक करावं. ओळीची लांबी ६५ सीएच ठेवा, असं सर्रास सांगतात. हे सीएच म्हणजे त्या फॉन्टमधल्या शून्याची रुंदी. आपली जोडाक्षरं शून्याच्या मापात कुठून बसणार? ते डोळ्यांनीच ठरवावं लागतं.

आणि सर्वात सोपी, सर्वात दुर्लक्षित गोष्ट. मराठी साइटींचा सोर्स उघडला की कित्येकदा भाषेच्या जागी इंग्रजीचा संकेत सापडतो. आयता साचा उचलल्याची ती खूण. तिथे ‘एमआर’ लिहिलं आणि फॉन्टमध्ये सोय असली, जशी नोटो सॅन्स देवनागरीत आहे, तर ‘ल’ आणि ‘श’ आपसूक मराठी वळणाचे होतात. वर्गात हे दाखवलं की मुलं स्वतःचं नाव टाइप करून बघतात. ज्यांच्या नावात ‘ल’ किंवा ‘श’ नाही ती शेजाऱ्याचं नाव घेतात.

मार्च २०१७ मध्ये ग्रिड एकाच महिन्यात फायरफॉक्स, क्रोम आणि सफारीत आलं. ग्रिड शिकवायला परदेशी धड्यांत फोटोंची गॅलरी असते. मला भिंतीवरची दिनदर्शिका जास्त भावते. पाश्चात्य दिनदर्शिकेत वार वरती आडवे असतात. आपल्याकडे वार डावीकडे उभे आणि तारखा वरून खाली येतात. म्हणजे सात ओळी करा आणि ‘ग्रिड-ऑटो-फ्लो’ला ‘कॉलम’ सांगा. ऑगस्ट २०२० घ्या. १ तारीख शनिवारी, म्हणून तिला सातवी ओळ द्यायची. पाच रकाने २९ तारखेलाच भरतात. ३० चा रविवार आणि ३१ चा सोमवार छापील दिनदर्शिकेत पहिल्या रकान्याच्या रिकाम्या घरांत जातात, तसेच इथेही हाताने बसवायचे. आता खोच अशी, की १ तारखेला ओळ आणि रकाना दोन्ही ठरवून दिले तर २ तारीख मंगळवारी जाऊन बसते आणि पुढचा सगळा महिना चुकतो. फक्त ओळ दिली तर महिना बरोबर लागतो. पहिल्या तऱ्हेत ब्राउझर १ तारखेला आधीच बाजूला बसवतो आणि उरलेल्यांसाठी पहिल्या घरापासून मोकळी जागा शोधतो. दुसऱ्या तऱ्हेत शोध १ तारखेच्या पुढून सुरू होतो. हे वाचून ध्यानात राहत नाही. २ तारीख मंगळवारी दिसली की जन्मात विसरत नाही.

आता मागाल ते सीएसएस यंत्र लिहून देतं, बहुतेकदा चांगलंच देतं. पण २ तारीख मंगळवारी का गेली, हे ज्याने एकदा हाताने सोडवलंय त्यालाच यंत्राच्या उत्तरातली चूक दिसते.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: तयार साचा उतरवू नका. एखाद्या जुन्या दिवाळी अंकाची अनुक्रमणिका घ्या, किंवा गावच्या स्थानकावरचं एसटीचं वेळापत्रक. त्याचं एचटीएमएल एकदाच लिहा आणि फाइल बंद करा. मग त्याच पानाला दोन वेगळ्या स्टाइलशीट करा, एक मोबाइलवर वाचणाऱ्यासाठी आणि एक कागदावर छापणाऱ्यासाठी. भाषेच्या जागी ‘एमआर’ घालायचं तेवढं विसरू नका.