यंत्रांची गोदी आणि माणसाचा वाटा

बंदर म्हटले की धक्क्याला लागलेले जहाज, पोत्यांच्या थप्प्या आणि पाठीवर ओझे वाहणारे गोदी कामगार डोळ्यांपुढे उभे राहतात. नेदरलंड्समधील रॉटरडॅमच्या कंटेनर-धक्क्यांवर मात्र या चित्रातील माणूस जवळजवळ दिसेनासा झाला आहे.

या स्थित्यंतराचे मूळ एका साध्या धातूच्या पेटीत आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूक व्यावसायिकाचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज अशा ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनकडे निघाले. पोती, पिंपे आणि गासड्या यांचे आकार भिन्न. त्यांना माणसाचाच हात व डोळा हवा. पेट्यांना पुढे ठराविक माप आले. आणि जेथे माप एक झाले, तेथे यंत्राला काम शिकविणे सुलभ झाले.

१९९३ साली रॉटरडॅमच्या डेल्टा टर्मिनलमध्ये ही गोष्ट प्रत्यक्षात आली. यारी, म्हणजेच क्रेन, जहाजातील पेटी खाली उतरविते. चालकरहित गाडी जमिनीत पुरलेल्या खुणांच्या आधारे ती आवारात नेते. तेथील स्वयंचलित यारी ती थप्पीत रचते. कोणती पेटी कोठे ठेवावयाची, हे संगणक ठरवितो. आधी न्यावयाची पेटी तळाशी गेली, तर वरच्या सर्व पेट्या हलवाव्या लागतात. म्हणून वेगाइतकेच महत्त्व या हिशेबाला आहे. २०१५ साली उघडलेल्या नव्या टर्मिनलांत तर धक्क्यावरील यारीतही चालक बसत नाही. दूरच्या कक्षात पडद्यासमोर बसून तो तिच्यावर नियंत्रण ठेवतो. अवजड कामातील धोका यामुळे कमी होतो, हे नाकारता येणार नाही.

तथापि, वाचलेल्या श्रमाचे मोल कोणाच्या पदरी पडावे? अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर १९६० साली या प्रश्नाला एक उत्तर मिळाले. हॅरी ब्रिजेस यांच्या नेतृत्वाखालील गोदी कामगार संघटनेने यंत्रांना वाट मोकळी करून दिली. मोबदल्यात मालकांनी निधी उभारला आणि नोंदणीकृत कामगारांना नोकरीची व लवकर निवृत्तीच्या वेतनाची हमी दिली. नोंदणीबाहेरच्या हंगामी कामगारांना मात्र या छत्राखाली जागा मिळाली नाही.

तो प्रश्न आजही मिटलेला नाही. जानेवारी २०१६ मध्ये रॉटरडॅमच्या कामगारांनी रोजगाराच्या चिंतेने चोवीस तास काम थांबविले. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तीन दिवस संप झाला. वेतनाबरोबरच यंत्रांचा प्रश्नही त्यामागे होता.

यंत्र ओझे उचलते, पण त्यातून झालेल्या लाभाची वाटणी करीत नाही. ती माणसांनीच एकत्र बसून करावयाची असते. आणि यंत्र धक्क्यावर येण्यापूर्वी ती झाली, तरच कामगाराच्या शब्दाला वजन राहते.