सोन्याचे पाणी प्यालेली चित्रे

मुलांनो, आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघाली म्हणजे वाटेत काटेवाडीस धोतरांच्या पायघड्यांवरून तिचे स्वागत होते आणि मेंढ्यांचे रिंगण तिच्याभोवती धावते. रिंगण घटकाभरात आटोपते. त्याचे छायाचित्र मात्र मागे राहते. पण किती दिवस? आमच्या घरातील एका जुन्या चित्रात आजोबांचा काळा कोट तेवढा आता दिसतो. चेहरा पिवळटपणात विरून गेला आहे.

याचे कारण तुमच्या घरातच सापडेल. पेटीत ठेवलेले चांदीचे पैंजण काळवंडतात, कारण हवेतील गंधकयुक्त वायू चांदीला बाधतात. मंगळसूत्रातील सोन्याचे मणी मात्र पिढ्यानुपिढ्या चकाकत राहतात. जुन्या पद्धतीचे छायाचित्र म्हणजे कागदावर बसलेले चांदीचे अतिसूक्ष्म कणच होत. पैंजणाची गत तीच त्यांची.

मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नामांकित छायाचित्रकार होते. पुढल्याच वर्षी, चित्रे फिकी का पडतात याचा शोध घेण्यासाठी लंडनमध्ये एक समिती नेमण्यात आली. चित्रे नीट न धुतल्याने कागदात राहणारी रसायने आणि गंधक हे मुख्य अपराधी ठरले, आणि उपाय म्हणून सोन्याची शिफारस झाली. इंदूरच्या होळकर दरबाराचा आश्रय लाभलेले लाला दीनदयाळ यांच्या काळी, अंड्याचा पांढरा बलक लावलेल्या कागदावरील चित्रांना सोने देणे हा नित्याचाच भाग होता.

हाताने चित्रे बनविणारे हौशी लोक आजही हे करतात. प्रथम मिठाच्या पाण्यात भिजवून वाळविलेल्या कागदावर सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण फिरवितात. त्यावर काचेखाली निगेटिव्ह दाबून तो उन्हात ठेवला की तांबूस चित्र उमटते. ते हवे त्याहून थोडे गडदच करावे लागते, कारण पुढे ते उजळते. मग साध्या पाण्यात धुतात. पाणी प्रथम दुधासारखे गढूळ होते. पाण्यातील क्षारांशी उरलेल्या चांदीचा संयोग होतो म्हणून. दुधाळपणा गेला की चित्र सोन्यासाठी सिद्ध झाले.

सोने पाण्यात विरघळत नाही. त्यासाठी सोन्याचा क्षार, गोल्ड क्लोराइड, लागतो. त्याचा एक ग्रॅम शंभर मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून गडद रंगाच्या बाटलीत ठेवतात. मग चारशे मिलिलिटर कोमट ऊर्ध्वपातित पाण्यात तीन ग्रॅम टाकणखार विरघळवून त्यात या द्रावणाचे सहा मिलिलिटर मिसळतात. एवढ्यात शुद्ध सोने सुमारे तीस मिलिग्रॅम, म्हणजे तोळ्याचा जवळजवळ चारशेवा भाग! सोनार हे ऐकून हसेल. मात्र धातूचा चमचा मुळीच वापरावयाचा नाही. सोने चित्रावर बसण्याऐवजी चमच्यावरच बसेल. हातांवर जांभळे डाग पडतात, म्हणून हातमोजे हवेत. आणि वडीलधारे जवळ असल्यावाचून या रसायनांना हात लावू नये.

चित्र बुडवून पात्र हळूहळू हलवीत राहिले की काही मिनिटांत नवल दिसू लागते. सोन्याला चांदीची जागा प्रिय आहे असे म्हणा ना! काही चांदी क्षार होऊन निघून जाते, तिच्या जागी सोने बसते, आणि तांबूस रंग जांभळट तपकिरी होत जातो. अधिक वेळ ठेवल्यास निळसर काळा. कोठे थांबावे हे ज्याच्या त्याच्या डोळ्याने ठरवावे. चित्रांमागून चित्रे बुडविली की द्रावणातील सोने संपत येते आणि रंग बदलण्यास वेळ लागतो. मग आणखी थोडे घालावे लागते. शेवटी चित्र हायपोच्या द्रावणात घालून प्रकाशाने न बदललेली चांदी काढून टाकतात. त्यानंतरचे धुणे फार कंटाळवाणे असते, बादल्यांमागून बादल्या पाणी लागते, आणि आमच्या आजोबांच्या चित्राच्या बाबतीत कोणीतरी नेमका तेथेच कंटाळा केला असावा.