मोठ्या लेन्सचा हट्ट आणि शर्यतीचे फोटो

धाराशिव जिल्ह्यात मोटार शर्यतीचा ट्रॅक नाही, नजीकच्या काळात होईल असंही दिसत नाही. पण नळदुर्ग, येणेगूर, उमरगा ज्या राष्ट्रीय महामार्ग ६५ वर आहेत, तो हुमनाबाद, जहीराबाद, संगारेड्डी करत थेट हैदराबादेत उतरतो. तिथे हुसेनसागरच्या काठी ११ फेब्रुवारी २०२३ रोजी फॉर्म्युला ई, म्हणजे विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या जागतिक मालिकेतली भारतातली पहिली शर्यत झाली. शहरातल्याच रस्त्यांवर आखलेला २.८३ किलोमीटरचा, १८ वळणांचा मार्ग. जिंकला फ्रान्सचा ज्याँ-एरिक व्हेर्न्य. उमरगेकराला पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ, म्हणजे ही जागतिक शर्यत आपल्याला जवळजवळ दारातच होती. पुढच्या वर्षीची शर्यत रद्द झाली, ते सोडा.

अशा ठिकाणी तिकीट काढून जायचं ठरलं की पहिला विषय निघतो कॅमेऱ्याचा. आणि कॅमेऱ्याबद्दल आपल्याकडे जेवढे सल्ले मिळतात, त्यातले निम्मे पैसे घालवणारे असतात.

“मोठी पांढरी लेन्स नसेल तर जाण्यात अर्थ नाही”

टीव्हीवर शर्यतीच्या कडेला दिसणारे छायाचित्रकार ४०० मिलिमीटर एफ २.८ सारख्या लेन्स घेऊन उभे असतात. अशी नवी लेन्स दहा लाखांच्या वर जाते. त्यांना ती लागते, कारण त्यांना अंधारात, पावसात, कुठल्याही परिस्थितीत संध्याकाळपर्यंत फोटो पाठवायचाच असतो. तुम्हाला कोणी विचारणार नाही.

प्रेक्षकाचं गणित साधं आहे. साध्या क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ३०० मिलिमीटरची लेन्स लावली की ती फुल फ्रेमवरच्या साधारण ४५० मिलिमीटरइतकं जवळ आणते. या लेन्समधून १०० मीटरवर सुमारे ८ मीटर रुंदीचा पट्टा चौकटीत मावतो. फॉर्म्युला ई ची मोटार सुमारे ५ मीटर लांब. म्हणजे शंभर मीटरवरून आडवी जाणारी गाडी अर्ध्याहून जास्त चौकट व्यापते, आणि साठ मीटरवर तर चौकटीत मावता मावत नाही. ७०-३०० किंवा ५५-२५० ची लेन्स, जी बऱ्याच घरांत पहिल्या कॅमेऱ्याबरोबरच आलेली असते आणि कपाटात पडून असते, ती शहरी रस्त्यावरच्या शर्यतीला पुरते. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटसारख्या ऐसपैस ट्रॅकवर स्टँड लांब असतात. तिथे १५०-६०० कामाला येईल.

आता प्रकाश. आपल्याकडच्या भर उन्हात आयएसओ १०० ला एफ १६ वर साधारण १/१०० सेकंद मिळतो. म्हणजे एफ ५.६ वर १/८००, आणि आयएसओ २०० केला की १/१६००. फेब्रुवारीतल्या दुपारी एफ २.८ साठी लाखो रुपये मोजणाऱ्याला जास्तीचा प्रकाश ठेवायला जागा नसते.

तरीही चांगली लेन्स हवीच असेल तर भाड्याने घ्या. लग्नाचे फोटो काढणाऱ्या जवळपास प्रत्येक मुरलेल्या फोटोग्राफरकडे ७०-२०० एफ २.८ असते, आणि तो ओळखीवर, अनामत ठेवून देतोही. अडचण एवढीच की फेब्रुवारी म्हणजे लग्नसराई. दाट तिथीला तो सख्ख्या भावालाही लेन्स देणार नाही. पंचांग बघून आधीच शब्द टाकलेला बरा.

“शटर जेवढा वेगवान, तेवढा फोटो चांगला”

हा सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज, आणि सगळ्यात जास्त फोटो यानेच बिघडतात. गाडी जोरात धावतेय, म्हणून १/२००० ठेवायचा, असं वाटणं स्वाभाविक आहे. फोटो येतोही लख्ख. फक्त त्यात गाडी उभी असते. शोरूमबाहेर लावल्यासारखी.

हिशेब करून बघा. शर्यतीच्या टायरचा परीघ साधारण दोन मीटर धरू. ताशी २०० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला साडेपंचावन्न मीटर कापते, म्हणजे चाक सेकंदात अठ्ठावीसेक वेळा फिरतं. १/१००० सेकंदात ते जेमतेम दहा अंश वळतं, त्यामुळे आरे स्पष्ट दिसतात आणि चाक थांबलेलं वाटतं. १/१२५ ला तेच चाक ऐंशी अंश फिरतं, आरे विरघळून जातात आणि गाडी धावू लागते. हळू वळणावर वेग ८० वर आला, तर १/१२५ लाही चाक तीसेक अंशच फिरणार. तिथे १/६० पर्यंत खाली यावं लागतं.

पण एवढ्या वेळात गाडीही पुढे सरकते, मग ती अस्पष्ट नाही का येणार? येते, जर कॅमेरा जागच्या जागी धरला तर. म्हणून गाडीच्या चालीने कॅमेरा फिरवायचा. याला पॅनिंग म्हणतात. नळदुर्ग किल्ल्यातल्या नर-मादी धबधब्याचा रेशमी फोटो आपल्या भागातल्या अनेकांनी काढला असेल: कॅमेरा तिपाईवर घट्ट, शटर मंद, पाणी वाहतं, दगड स्थिर. पॅनिंगमध्ये हे उलटं होतं. गाडी स्पष्ट राहते आणि मागची भिंत, जाहिराती, माणसं वाहून जातात.

पाय गाडी जिथे टिपायची त्या दिशेला रोवा आणि कंबरेतून मागे वळून गाडी लांबूनच चौकटीत घ्या. कोपर पोटाशी, श्वास सोडलेला. गाडी समोर आली की बटण दाबा, पण हात थांबवू नका. गाडी निघून गेल्यावरही वळत राहा. नवखा माणूस बटण दाबतानाच थबकतो आणि तिथेच फोटो जातो. सुरुवात १/२५० ने करावी, हात बसला की १/१२५, मग १/६०. १/६० ला दहातले आठ वाया जातात, मुरलेल्या हातांचेही.

लेन्समध्ये कंप कमी करणारी सोय असेल तर तिची पॅनिंगची बाजू लावा. कॅनन आणि सोनीच्या बऱ्याच लेन्सवर ती ‘मोड २’ या नावाने असते. साध्या मोडमध्ये काही लेन्स तुमचं वळणंच कंप समजून आवरायला बघतात.

आणि गंमत अशी की भर दुपारी मंद शटर लावायचा तर प्रकाश कमी पडत नाही, जास्त होतो. १/६० साठी एफ २० च्या आसपास जावं लागतं. तिथे सेन्सरवर बसलेला धुळीचा प्रत्येक कण आकाशात ठिपका होऊन उमटतो, आणि आपल्या भागातल्या धुळीविषयी काय सांगावं. तीन स्टॉप प्रकाश अडवणारा एनडी ८ फिल्टर लावला की तेच काम एफ ७.१ वर होतं. हजार-दोन हजारांचा हा फिल्टर शर्यतीत लाखाच्या लेन्सपेक्षा जास्त उपयोगी पडतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

या सगळ्याला अपवाद मोटोक्रॉस आणि सुपरक्रॉसचा. पुण्यात बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात २८ जानेवारी २०२४ रोजी इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. उंचवट्यावरून उडालेली मोटारसायकल हवेतच असते. ती जमिनीवर नाही हेच वेगाचं चित्र. तिथे १/१००० किंवा त्याहून वेगवान शटरच हवा, म्हणजे उडालेलं प्रत्येक ढेकूळ वेगळं दिसतं.

सराव कुठे करायचा?

ट्रॅक नाही म्हणून सराव नाही, हे कारण चालणार नाही. गावातल्या रस्त्यावरून सायकलवर जाणारी पोरं हे पहिलं लक्ष्य. मग फाट्यावर वळण घेणारी एसटी. महामार्गाच्या कडेला मात्र उभं राहू नका. तिथे गाड्या शर्यतीच्या वेगाने जातात आणि मध्ये कुंपण नसतं. यात्रेत शंकरपट असेल तर त्याहून उत्तम काही नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बंद केलेल्या बैलांच्या शर्यतींना १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. बैलांचे पाय, चाकोरीतली धूळ, गाडीवानाचा चेहरा हे १/१२५ ला साधलं, तर मोटार सोपी आहे. ती निदान ठरलेल्या रेषेवरून तरी जाते. फक्त धावपट्टीत उतरू नका. बैल कॅमेऱ्याला ओळखत नाही.

“बटण दाबून धरलं की एखादा लागतोच”

कॅमेरा सेकंदाला दहा-वीस फोटो काढतो हे खरं. ते कार्डावर लिहायला वेळ लागतो हे कोणी सांगत नाही. रॉ फोटो साठवणारी आतली जागा जुन्या कॅमेऱ्यांत सेकंद-दोन सेकंदांत भरते, कॅमेरा गप्प होतो आणि नेमकी तेव्हाच दोन गाड्या चाकाला चाक लावून येतात. कार्डावरचा ‘व्ही ३०’ म्हणजे लिहिण्याचा किमान वेग सेकंदाला ३० मेगाबाइट. शर्यतीला ‘व्ही ६०’ असेल तर बरं, पण तुमचा कॅमेरा तो वेग घेतो का हे आधी बघा. नाहीतर तेही पैसे पाण्यात. तीन-चार फोटोंचे छोटे झटके द्यायचे, बस्स.

फोकस सतत गाडीमागे राहील अशा मोडवर असायला हवा: निकॉन-सोनीवर एएफ-सी, कॅननवर सर्व्हो. हा एक खटका विसरला की वीस फोटोंच्या झटक्यात एकच स्पष्ट, तोही पहिला.

मिररलेस कॅमेऱ्यातला आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक शटर इथे टाळावा. साध्या सेन्सरमध्ये तो चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो, आणि तेवढ्यात गाडी सरकते. चाकं लंबगोल होतात, पॅनिंगमध्ये मागचे खांब तिरके पडतात. नव्या, महाग कॅमेऱ्यांत हे वाचन इतकं जलद झालंय की फरक कळत नाही. बाकीच्यांनी यांत्रिक शटरच वापरावा, खटखट आवाज झाला तर होऊ दे. शर्यतीत कोण ऐकतंय? फॉर्म्युला ई मध्ये मात्र ऐकू येईल. तिथे इंजिनाचा गडगडाट नसतो, मोटरची शीळ आणि टायरची किंचाळी एवढंच. त्यामुळे आवाजावरून गाडी कधी येणार याचा अंदाज घेण्याची सवय तिथे दगा देते.

“मुख्य स्टँडचं महाग तिकीट, म्हणजे फोटोंची उत्तम जागा”

मुख्य स्टँडसमोर सरळ रस्ता असतो. गाड्या तिथे भरधाव, एकामागोमाग, डोळ्याची पापणी लवते तोवर गेलेल्या असतात. सुरुवात आणि शेवट बघायला जागा झकास, फोटोला नाही. गाड्या जिथे ब्रेक मारून वळतात तिथलं तिकीट घ्या, बहुधा ते स्वस्तही असतं. वेग उतरतो, चढाओढ तिथेच होते आणि गाडीचं तोंड तुमच्याकडे वळतं. तिकिटाच्या नकाशावर उत्तर दिशा शोधून दुपारी सूर्य कुठे असेल हेही बघा. पश्चिमेला तोंड करून बसलात, तर तीननंतर गाड्यांच्या काळ्या सावल्याच मिळतील.

शहरी शर्यतीत दोन्ही बाजूंना काँक्रीटची भिंत आणि वर जाळी. जाळीतून फोटो येत नाही, असं म्हणतात. येतो. लेन्स जाळीच्या शक्य तितकी जवळ, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, गाडी लांब, आणि जाळीचा सावलीतला भाग निवडला की तारा विरघळतात. उन्हात चमकणारी जाळी मात्र फोटोवर धुकं आणतेच. आणि तिरप्या कोनातून जाळी दाट होते, म्हणून समोरासमोर. प्रेक्षकाला जाळीजवळ जाऊच देत नसतील तर स्टँडच्या वरच्या रांगा, जिथून नजर जाळीवरून जाते.

तापलेल्या डांबरावरून उठणारी हवा थरथरते, आणि लांबचे फोटो मऊ येतात. लेन्स बदलून, कॅमेरा बदलून काही होत नाही. सराव आणि पात्रता फेऱ्या बहुधा सकाळी असतात. लांबचे फोटो तेव्हाच उरकून घ्यावेत. सप्टेंबर २०२३ मध्ये बुद्ध सर्किटवरच्या मोटोजीपीत उष्म्यामुळे शर्यत २४ ऐवजी २१ फेऱ्यांची करावी लागली होती. स्वार थकतात तिथे आपली काय कथा, तेव्हा टोपी आणि पाण्याची सोय आधी, जादा बॅटरी नंतर.

प्रवेशद्वारावर

तिकिटामागच्या अटी कोणी वाचत नाही, आणि मग गेटवर हुज्जत होते. तिपाई, सेल्फी स्टिक, काही ठिकाणी ठरावीक लांबीपुढची लेन्स आणि पॉवर बँकसुद्धा अडवतात. एकपायी स्टँड चालतो का, हे आयोजकांना विचारूनच निघा. ड्रोन घरी ठेवा. गर्दीवर विनापरवाना उडवाल तर फोटोआधी पोलीस ठाणं बघाल. गळ्यात ओळखपत्र आणि अंगात जॅकेट घातलेले छायाचित्रकार भिंतीच्या आत दिसतात, ती वेगळी मान्यता आहे, ओळखीने मिळत नाही. बऱ्याच तिकिटांवर काढलेले फोटो विकायला मनाई असते, घरच्यासाठी आणि मित्रांना दाखवायला हरकत नसते.

पहिल्यांदाच जाणाऱ्याने थेट चेन्नईच्या रात्रीच्या शर्यतीला जाऊ नये, असं मला वाटतं. तिथे ३१ ऑगस्ट आणि १ सप्टेंबर २०२४ ला ३.५ किलोमीटरच्या रस्त्यावर दिव्यांच्या उजेडात गाड्या धावल्या. अशा ठिकाणी एलईडी दिव्यांच्या लुकलुकीने फोटोवर पट्टे येतात, प्रकाशही कमी, आणि मग खरंच एफ २.८ ची गरज लागते. त्यापेक्षा कोल्हापूर गाठावं. हुपरी रस्त्यावरच्या मोहित्यांच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. कार्ट छोट्या, वळणं आवळलेली, अंतर कमी. कपाटातली ५५-२५० तिथे लांबच पडते, आणि दर फेरीला तीच गाडी त्याच वळणावर पुन्हा येते.