हातभट्टीवाल्यांच्या रांगेत सिनेमाचोर

महाराष्ट्रात १९८१ साली झालेल्या एका कायद्याचे नाव काळानुसार लांबत गेले आहे. पोलिसांच्या आणि वार्ताहरांच्या तोंडी ‘एमपीडीए’ या आद्याक्षरांनीच वावरणाऱ्या या कायद्यात आरंभी झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि अमली पदार्थांचे गुन्हेगार एवढेच होते. पुढे त्यात धोकादायक व्यक्तींची भर पडली, २००९ मध्ये ‘व्हिडिओ पायरेट्स’ म्हणजे चित्रपटांच्या चोरट्या प्रती काढून विकणारे आले आणि काही वर्षांनी वाळूतस्करही त्यांच्या शेजारी येऊन बसले. या कायद्यान्वये संबंधिताला खटला न चालवता वर्षभरापर्यंत स्थानबद्ध ठेवता येते, म्हणजे तो पुढे काय करील याच्या भीतीने त्याला आधीच कोठडीत घालता येते. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी असल्यामुळे हातभट्टीवाले आणि सिनेमाचोर यांची ही एकत्र मांडणी तेथे विशेष अर्थपूर्ण ठरते. कारण बंदीमुळे दारू मिळेनाशी झाली असे जिल्ह्यातील कोणीही छातीठोकपणे सांगणार नाही, आणि जिथे मागणी आहे पण रीतसर पुरवठा नाही तिथे तो कोणत्या वाटेने होतो, हे या जिल्ह्याला पुरेपूर ठाऊक आहे.

याच जिल्ह्याच्या देवळी तालुक्यातील नाचणगाव हे पुलगावला अगदी लागून असलेले, रेल्वे हाताशी असलेले गाव. अशा गावांपर्यंत सिनेमा पूर्वी जत्रेतल्या तंबूतून किंवा शेजारच्या शहरातील एकपडदा थिएटरातून पोहोचत असे. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने देशात रंगीत दूरचित्रवाणी आली, पाठोपाठ व्हीसीआर आला, आणि भाड्याने आणलेल्या कॅसेटवर रात्रभर तीन-तीन चित्रपट पाहणे ही त्या दशकातील मराठी मुलुखाची मोठी करमणूक झाली. त्यातील बहुतेक कॅसेट चोरीच्या होत्या, हे भाड्याने देणाऱ्यालाही ठाऊक होते आणि घेणाऱ्यालाही. संसदेने १९८४ मध्ये स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती करून शिक्षा वाढवली, कॅसेटवर निर्मात्याचे नाव-पत्ता आणि सेन्सॉरचे प्रमाणपत्र दाखवणे सक्तीचे केले. परंतु कॅसेटनंतर व्हीसीडी, व्हीसीडीनंतर मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात पैसे मोजून भरून मिळणारे मेमरी कार्ड, अशी वाट बदलत गेली, धंदा मात्र थांबला नाही.

या बाबतीत फिलिपिन्सचे उदाहरण उद्बोधक आहे. मनिला शहरातील कियापो हा जुन्या चर्चभोवतीचा गजबजलेला भाग चोरट्या डीव्हीडींची बाजारपेठ म्हणून प्रसिद्ध होता. तेथे हॉलिवूडच्या ताज्या चित्रपटांबरोबरच कुरोसावा आणि तारकोव्हस्की यांचे चित्रपटही ढिगाने मिळत, आणि त्या देशातील कितीतरी चित्रपटप्रेमींचे जागतिक सिनेमाचे शिक्षण या बाजारातच झाले. सरकारने २००४ मध्ये डिस्कच्या उत्पादनावर आणि विक्रीवर देखरेख करणारे स्वतंत्र मंडळ नेमले, धाडी घातल्या, डिस्कचे ढीग जाहीरपणे चिरडले. त्याच काळात ब्रिलांटे मेंडोझा यांना २००९ मध्ये कान महोत्सवात दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले आणि २०१६ मध्ये लाव्ह डियाझ यांच्या जवळपास चार तासांच्या चित्रपटाने व्हेनिसचा सुवर्णसिंह पटकावला. जगभर गौरवले गेलेले असे चित्रपट स्वदेशात मात्र मोजक्याच पडद्यांवर लागतात, ही त्यांची जुनी व्यथा आहे.

मराठी वाचकाला ही व्यथा परकी वाटू नये. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने २०१४ मध्ये व्हेनिसला दोन पारितोषिके मिळवली आणि पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळवला, परंतु वितरणाचे गणित शहरी मल्टिप्लेक्सभोवती बांधलेले असल्यामुळे शंभरावर किलोमीटरवरच्या नागपूरला जाऊन तो पाहण्याची अपेक्षा नाचणगावच्या प्रेक्षकाकडून करणे हा विनोदच ठरतो. राज्य सरकारने २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सनी मराठी चित्रपटांना प्राइम टाइम द्यावा असा आग्रह धरला, त्यावर मोठी खडाजंगीही झाली. पण मल्टिप्लेक्सच ज्याच्या आवाक्यात नाही त्या प्रेक्षकाचा त्या वादात फारसा विचार झाला नाही.

याचा अर्थ चोरी निरुपद्रवी आहे असा मुळीच नव्हे. हिंदी चित्रपटाला परदेशी वितरण, दूरचित्रवाणीचे हक्क आणि ओटीटी यांतून नुकसान भरून काढता येते, तर मराठी निर्मात्याचा बराचसा भरवसा पहिल्या दोन आठवड्यांच्या तिकीटविक्रीवर असतो. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला आणि लवकरच त्याची प्रत सर्वत्र फिरू लागली. तरीही तो शंभर कोटींचा व्यवसाय करणारा पहिला मराठी चित्रपट ठरला. हे उदाहरण देऊन चोरीने काही बिघडत नाही असे म्हणणारे लोक भेटतात, परंतु तो अपवाद होता, आणि अपवादावर लहान निर्मात्याचे कर्ज फिटत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये ‘उडता पंजाब’ प्रदर्शनाच्या दोन दिवस आधीच बाहेर फुटला आणि त्या प्रतीवर ती सेन्सॉरसाठी असल्याची खूण स्पष्ट दिसत होती.

ही खूण महत्त्वाची आहे, कारण ती प्रत थिएटरातून फुटलेली नव्हती हे तिच्यावरून कळते. आज थिएटरला चित्रपट कुलूपबंद डिजिटल संचाच्या रूपाने मिळतो आणि तो उघडणारी किल्ली ठरावीक यंत्रावर, ठरावीक तारखांपुरतीच चालते. शिवाय खेळ सुरू असताना प्रक्षेपणयंत्रणा चित्रात व आवाजात डोळ्यांना न दिसणारी आणि कानांना न जाणवणारी खूण मिसळत राहते. कोणी मोबाइलवर पडदा चित्रित केला, तर त्या चोरट्या प्रतीवरून ते थिएटर आणि तो दिवस शोधता येतो. २०२३ च्या चित्रपट कायद्यातील दुरुस्तीने असे चित्रण करणाऱ्याला किमान तीन महिने आणि कमाल तीन वर्षे तुरुंगवास ठेवला असून दंड तीन लाख रुपयांपासून निर्मितिखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. मात्र प्रत थिएटरऐवजी संकलनकक्षातून किंवा कार्यालयातून फुटली असेल, तर थिएटरची ही खूण निरुपयोगी ठरते.

जुन्या चित्रपटांचा प्रश्न याहून बिकट आहे, कारण तेथे चोरण्यासारखेही काही उरलेले नाही. फिलिपिन्समधील दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या चित्रपटांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच शिल्लक आहेत. लिनो ब्रोका यांच्या मनिलाविषयीच्या १९७५ सालच्या गाजलेल्या चित्रपटाचे पुनरुज्जीवन होऊ शकले ते त्याची निगेटिव्ह लंडनमधील संग्रहात ठेवली गेली होती म्हणून. आपल्याकडे पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’नंतर पन्नास वर्षांनी स्थापन झाले, तोवर मूकपटांचा बहुतांश ठेवा नष्ट झालेला होता, बाबूराव पेंटरांचा १९२५ चा मूक ‘सावकारी पाश’ही त्यातच गेला. जतनात हयगय करणाऱ्याला मात्र कोणताही कायदा स्थानबद्ध करत नाही.

मेमरी कार्ड भरून देणाऱ्या दुकानदाराचे नाव-गाव तरी पोलिसांना सापडत असे. आता टेलिग्रामवरच्या गटातून आलेली फाइल एका मोबाइलवरून दुसऱ्यावर फुकट जाते. तिला दुकान नाही, विक्रेता नाही, कित्येकदा पैशाची देवघेवही नाही, आणि ज्याच्या अमुक भागातील वावराने सार्वजनिक व्यवस्थेला धोका पोहोचतो असे स्थानबद्धतेच्या आदेशात लिहायचे, तो माणूस कदाचित या देशातही नसतो.