त्रेचाळीस पायांचा रविवार

पहाटे 5.30

जाग आली ती पत्र्यावरच्या आवाजानं. जूनचा पहिला रविवार आणि पाऊस लागलेला. लोणावळ्याच्या वलवणात राहणाऱ्याला पावसाचं कौतुक नसतं. वर्षाला 4000 मिलिमीटरच्या वर पडतो, कौतुक किती करणार? पण आज माझा जीव रद्दीत अडकला होता. ओल्या रद्दीला भाव नाही. भांगरवाडीतला भंगारवाला (हा विनोद लोणावळ्यात सगळ्यांनी करून झालाय) नुसता हात लावून सांगतो, "मॅडम, यात पाणी किती आणि पेपर किती?"

चहा ठेवला आणि गार्डकाकांना फोन लावला. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेला हा माणूस, अजून मिनिटावर चालतो. म्हणाले, "ताडपत्री दोन घेतल्यात. पावणेसातला फाटकात."

आमच्या गटाला नाव नाही, बोर्ड नाही, लेटरहेड नाही. मी बँकेत कारकून होते, काका गार्ड, दोघी मुली कॉलेजात, आणि टेम्पोवाला भाऊ डिझेलपुरते पाचशे घेतो. नोंदणी नाही म्हणून रोख देणगी कुणाकडून घेत नाही. चार माणसांकडे पैसे मागायचे तर धर्मादाय आयुक्तांच्या कायद्यात बसून मागावे लागतात, आणि ते बरोबरच आहे. कुणी पाकीट काढलंच तर आम्ही त्याला नोंदणीकृत संस्थेचा रस्ता दाखवतो. आम्ही मागतो ती रद्दी. ती विकून एका वाडीवरच्या मुलांसाठी सामान घेतो.

सकाळी 6.45

वलवणात दोन वस्त्या आहेत. एक आमची, जुनी, जिथं सकाळी दारात रांगोळी असते. दुसरी सेकंड होमवाल्यांची, जिथं शुक्रवारी रात्री दिवे लागतात आणि रविवारी रात्री मालवतात. रद्दी दोन्हीकडची, पण तऱ्हा वेगळी. आमच्या आळीतले पेपर वाचून, शब्दकोडं सोडवून, वर फोडणीचं तेल पुसून आलेले. बंगल्यांतले पेपर घडीसुद्धा न मोडलेले. माळीदादा गठ्ठा आणून देतात आणि हळूच विचारतात, "ताई, वह्या आल्या तर आमच्या पोरीला एक डझन?" देतेच. माळीदादांची मुलगी काही वेगळ्या गावची नाही.

एका बंगल्याच्या ओसरीवर पुठ्ठ्यांचा डोंगर होता. नव्या टीव्हीचा, नव्या फ्रीजचा, नव्या धुलाईयंत्राचा खोका. मुली खूष झाल्या, पुठ्ठाही विकला जातो. खालचा थर भिजला होता, तो तिथंच ठेवला.

सकाळी 8.30

माझ्या पार्किंगमध्ये निवडणी. हे काम बघायला कुणी येत नाही आणि सगळा पैसा यातच आहे. इंग्रजी पेपर वेगळा, मराठी वेगळा. इंग्रजीला किलोमागे तीन रुपये जास्त मिळतात. कागद कोणता, छपाई कोणती, याचं कारण भंगारवाला मोठं शास्त्रीय सांगतो. मला त्यात भाषेचा जुना हिशेब दिसतो, पण ते असो. गुळगुळीत पुरवण्या बाजूला. पिना काढायच्या. मधूनच कुणाची लग्नपत्रिका, कुणाचं लाइटबिल, एकदा तर कोरा सहीचा चेक निघाला होता. परत नेऊन दिला तर त्या आजोबांनी आधी आम्हाला घरात घेतलं, मग दार लावून चांगलं झापलं, की इतके दिवस कुठं होता.

मराठी पेपरांतले पंधरावीस ताव मी आधी काढून ठेवते. ते विकायचे नसतात. त्यांचं काम दुपारी.

सकाळी 10.15

वजनकाटा. इथं गार्डकाका पुढे, मी वही घेऊन मागे. मराठी आणि मिसळ 172 किलो. भंगारवाल्यानं एका गठ्ठ्यात बोट खुपसलं, माझ्याकडे बघितलं. आठ किलो पाण्याचे वजा. काकांनी वाद घातला, मी घातला नाही, पाणी होतंच. 164 किलो, अकरा रुपयांनी 1804. इंग्रजी 92 किलो, चौदानं 1288. पुठ्ठा 60 किलो, सातनं 420. एकूण 3512 रुपये. मागची शिल्लक 2760. म्हणजे हातात 6272.

धाकटी म्हणाली, "एवढ्यासाठी सकाळपासून चार जणं?" तिनं रीलमध्ये पंधरा मिनिटांत लाख रुपये जमलेले पाहिलेत. मी म्हटलं, दुपारी बोलू.

सकाळी 11.00

फोन. एका बंगल्याच्या ताई, मनानं चांगल्या. मुलीचा वाढदिवस इथंच आहे, तर वाडीवर केक घेऊन जाऊ या का, तिच्या वयाच्या मुलांबरोबर कापेल, "तिलाही कळेल ना, आपल्याकडे किती आहे ते." फोटोग्राफर त्यांचाच.

असे फोन महिन्याला दोन-तीन येतात आणि प्रत्येक वेळी मला शब्द शोधावे लागतात. देणाऱ्याला मुलाचा चेहरा हवा असतो. ती काही दुष्ट इच्छा नाही, माणसाचीच आहे. पण तो चेहरा आपल्या मुलीच्या धड्यासाठी उभा करायचा, हे माझ्यानं होत नाही. संस्थांमध्ये राहणाऱ्या मुलांचं नाव-चेहरा उघड करायला 2015 चा बालन्याय कायदाच मनाई करतो. वाडीवरची मुलं आईबापांजवळ राहतात, त्यांना त्या मनाईचं छत्र नाही. म्हणून काय झालं?

मी म्हटलं, "ताई, केकऐवजी दोनशे पानी वह्या द्याल? आणि मोठी मदत करायची असेल तर इथं भाजे गावात 'संपर्क' आहे, 1990 पासून मुलांना सांभाळतायत, तिथं रीतसर पावती मिळेल." त्या क्षणभर थांबल्या. मग विचारलं, "80जी मिळेल ना?" मी जुनी बँकवाली. सांगितलं, आधी संस्थेला विचारून घ्या, रोख दोन हजारांच्या वर देऊ नका, करसवलत धरत नाहीत, आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर तशीही सवलत नाहीच. "मग?" म्हणाल्या. मग काही नाही, म्हटलं, तरी देता येतं. हसल्या. वह्या संध्याकाळपर्यंत पाठवते म्हणाल्या.

दुपारी 12.30

बाजारातलं चपलांचं दुकान. माझ्या पिशवीत त्रेचाळीस पाय.

हे जरा नीट सांगते. दोन वर्षांपूर्वी आम्ही वयावरून सँडल घेतल्या. आठ वर्षांचा म्हणजे अमुक नंबर, असा दुकानदाराचा तक्ता. निम्म्या बसल्या नाहीत. वाडीवरच्या मुलाचा पाय तक्त्यातला नसतो; अनवाणी वाढलेला पाय पुढून पसरट, बोटं सुटी. लहान झालेल्या सँडलचे पट्टे कापून पोरांनी त्या वापरल्या, आणि आम्ही मात्र गावभर 'वाटप झालं' असं सांगितलेलं. तेव्हापासून आधी पाय काढून आणतो. जमिनीवर पेपर पसरायचा, मुलानं उजवा पाय ठेवायचा, शिसपेन्सिल उभी धरून कडेनं फिरवायची. करंगळीपाशी सगळे हसतात, गुदगुल्या होतात. मग कातरायचं, आत नाव आणि इयत्ता लिहायची. मराठीच पेपर घेतो, इंग्रजीचा भाव मोडत नाही.

शेठ एकेक कागदी पाय सँडलमध्ये सरकवतात. कुठं कागदाचं टोक वर वळतं, कुठं मागे जागा उरते. "बोटभर ठेवा," ते म्हणतात, "दिवाळीपर्यंत पुरायला पाहिजे." एका पायावर सोन्याच्या भावाची बातमी होती, एकावर क्रिकेटचा अर्धा धावफलक. सँडल प्लास्टिकच्या, मागे पट्टा असलेल्या. सरकार 2023 पासून बूट-मोजे देऊ लागलंय, गणवेश आणि बालभारतीची पुस्तकंही फुकट मिळतात, दुपारी खिचडी असते. लोक विचारतात, मग तुम्ही गोळा काय करता? आमच्याकडचा पाऊस, एवढंच उत्तर. इथं जुलैत भिजलेला बूट ऑगस्टात वाळतो. त्याच्यापायी मूल घरी बसतं.

त्रेचाळीस जोड, 130 रुपयांनी 5590. शेठनी सुट्टे दहा सोडायची तयारी दाखवली, मी घेतले नाहीत. हिशेबात ते कुठं दाखवायचे?

दुपारी 2.00

घरी पिठलं-भात खाऊन निघालो ते थेट कोंडीत. रविवारी दुपारी द्रुतगती मार्गावरून वलवणला उतरणारी आणि मुंबईला परतणारी गाडी एकाच तोंडाशी भेटते. टेम्पो पाऊण तास जागचा हलला नाही. काकांचा चेहरा गाडी लेट झाल्यासारखा.

त्या पाऊण तासात धाकटीला सकाळचं उत्तर दिलं. म्हटलं, याच रस्त्यानं पुढे तळेगाव. तिथला पैसा फंड माहितीय? तिला वाटलं, शेअरबाजारातलं काही. अंताजी दामोदर काळे नावाचा माणूस माणशी एक पैसा मागत हिंडला. रुपयाचे पैसे तेव्हा चौसष्ट. म्हणजे हजार रुपये जमवायला चौसष्ट हजार माणसांपुढे हात पसरायचा. टिळकांनी ती कल्पना उचलून धरली, आणि 1908 साली त्या पैशांतून तळेगावात काचेचा कारखाना उभा राहिला. "एकाच शेठजींकडून का नाही घेतले?" तिनं विचारलं. थोरली म्हणाली, "मग तो शेठजींचा कारखाना झाला असता ना." मला हे सुचलं नव्हतं.

डावीकडे धरणाची भिंत धुक्यात अर्धी दिसत होती. याच पाण्यावर 1915 पासून खोपोलीला वीज तयार होते, आधी ती मुंबईच्या गिरण्यांना गेली. ज्या वाडीवर आम्ही चाललो होतो तिथल्या निम्म्या घरांत अजून एकच बल्ब आहे.

दुपारी 3.40

वाडी कातकऱ्यांची. नाव लिहीत नाही. दिवाळीनंतर अर्धी वाडी वीटभट्ट्यांवर जाते, नवराबायको उचल घेतात, मुलं बरोबर. पावसाच्या तोंडाला परत येतात. शाळेच्या पटावर नाव राहतं, मूल राहत नाही. हंगामी वसतिगृह आहे, स्थलांतरित मुलांना दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे. पण ते कार्ड घेऊन भट्टीजवळची शाळा शोधायला आईनं एक दिवसाची मजुरी सोडायची, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

समाजमंदिरात जोड मांडले. प्रत्येकात त्याचा कागदी पाय. भाषण नाही, हार नाही, फोटो नाही. मुलं आपलं नाव शोधतात. ज्यांना वाचता येत नाही ती बातमीवरून ओळखतात: "माझ्या पायावर विमान होतं!" एका आजीनं सँडल हातात वाकवून बघितली, तळवा दाबला, आणि म्हणाली, "बरी हाय. गेल्या टायमाची निसती बाहुलीची व्हती." गेल्या नाही, त्याच्या आधीच्या वर्षीची. पण बोलली नाही मी.

एक जोड उरला. तिसरीतला मुलगा. "कुठं गेलाय?"

"वलगणीला," पोरं ओरडली.

मी बघत राहिले. थोरली कुजबुजली, "काय?" त्या आजी जोरात हसल्या. "वलवणची बाय आन् वलगण ठावं नाय?" पहिल्या पावसात ओढ्याला पाणी आलं की मासे उलटे वर चढतात, शेतात येतात, ती वलगण. त्या दिवशी वाडीवरचं कुणी घरात सापडत नाही. त्रेचाळीसातले बेचाळीस सापडले हीच आमची पुण्याई. अर्ध्या तासानं तो आला. गुडघ्यापर्यंत चिखल, सदऱ्याच्या ओच्यात मुठीएवढे मासे, अजून हलणारे. सँडलकडे बघितलं, मग माशांकडे. मासे आईकडे दिले, पाय ओढ्याच्या दिशेनं वळले. आई ओरडली तेव्हा परत येऊन त्यानं चिखलाचाच पाय सँडलमध्ये घातला. बसली. बोटभर जागा ठेवून. लगेच काढून पोटाशी धरली आणि अनवाणी पळाला.

दाराशी एक मुलगी उभी होती, तिच्या नावाचा कागद नव्हता. नऊ-दहा वर्षांची असेल, कडेवर भाऊ. मागच्या रविवारी आम्ही पाय काढले तेव्हा ही भट्टीवरच होती. बापाची उचल फिटायला चार दिवस जास्त लागले. शाळेत नाव? आहे म्हणाली, कितवीत ते आठवेना. काकांनी तिच्या आईला बसवून गुरुजींचा नंबर लिहून दिला, सोमवारी मी येते म्हटलं. मी पेपर पसरला. भावाला थोरलीनं घेतलं. टाचेला भेगा, अंगठ्याजवळ भाजल्याचा जुना डाग, विटेचाच असणार. पेन्सिल करंगळीपाशी आली तरी ती हसली नाही. बघत राहिली, आपल्या पायाची रेघ कशी पुरी होते ते.

संध्याकाळी 6.30

परत येताना टेम्पोची ताडपत्री एका बाजूनं सुटली. दाराशी बंगल्याच्या ताईंनी पाठवलेला खोका होता: दोनशे पानी, पाच डझन. वर चिठ्ठी, मुलीच्या अक्षरात, नाव न घालता. केकचा एक तुकडाही होता डबीत, आमच्यासाठी. धाकटीनं तो तिथंच संपवला.

रात्री 9.00

वही. जमा 6272. सँडल 5590. डिझेल 500. शिल्लक 182. गार्डकाकांनी फोनवर बेरीज वाचून घेतली, नेहमीसारखी दोनदा.

पिशवी उलटी केली तेव्हा कळलं, दाराशी उभ्या त्या मुलीचा कागद भिजलाय. पेन्सिलची रेघ टाचेकडून पुसट होत चालली होती. गॅस बारीक करून तवा ठेवला, कागद वरून धरला, वाफ जाईपर्यंत. मग डॉटपेन घेऊन रेघ पहिल्यापासून गिरवायला घेतली, सावकाश, करंगळीच्या वळणापाशी हात आपोआप थांबला.